गिरणी तासाला किती दळते?

पाटण तालुक्यातल्या कोणत्याही बाजारगावात जा. मल्हारपेठेत जा, ढेबेवाडीत जा, तारळ्यात जा. पिठाची गिरणी कुठे आहे, हे कुणाला विचारावे लागत नाही. आवाजावरून कळते. पिठाने पांढरी झालेली भिंत लांबून दिसते. दारात दळणाचे डबे ओळीने मांडलेले असतात.

पण ती गिरणी तासाला किती दळते, हे विचारून पाहा. कुणी म्हणेल, "लई दळती." कुणी म्हणेल, "दिवसभर चालू असती बगा." आकडा कुणी सांगत नाही. ज्याचे दळण आहे, त्याला आकड्याची गरजही नसते. पीठ बारीक आले, गरम झाले नाही, वजनात भरले, की त्याचे काम झाले.

गरज आहे ती गिरणी घेणाऱ्याला. गिरणी बहुधा कर्ज काढून घेतात. गिरणी रिकामी उभी राहिली, तरी कर्जाचा हप्ता उभा राहत नाही. तो दर महिन्याला येतोच. म्हणून गिरणी घेण्याआधी हा हिशेब मांडावा. त्याला बेरीज, गुणाकार आणि भागाकार एवढेच लागते. जवळ वही आणि पेन्सिल घेऊन बसा.

समजा, कोयनेच्या काठी एक वाडी आहे. वाडीत बायकांचा बचत गट आहे. गटाने ठरवले, आपण पिठाची गिरणी घालू. वाडीत गिरणी नाही. दळणासाठी डोक्यावर डबा घेऊन पलीकडच्या गावाला जावे लागते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, की तेही जमत नाही. विचार चांगला होता. त्यांनी एका विक्रेत्याला बोलावले. तो चित्रांचे पुस्तक घेऊन आला.

"मावशी, ही बघा. दहा हॉर्सपॉवरची मोटर. तासाला शंभर किलो दळते."

"म्हंजी दिसाला किती वो दादा?"

"आठ तास धरा. आठशे किलो."

"आन् म्हयन्याला?"

"चोवीस दिवस चालवलीत तर एकोणीस हजार दोनशे किलो. किलोला पाच रुपये दळणावळ धरा. शहाण्णव हजार रुपये!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शहाण्णव हजार! गुणाकार करून पाहा. १०० गुणिले ८ म्हणजे ८००. ८०० गुणिले २४ म्हणजे १९,२००. १९,२०० गुणिले ५ म्हणजे ९६,०००. विक्रेता खोटे बोलला नाही. त्याचा गुणाकार बरोबर आहे.

चूक गुणाकारात नाही. तो शंभराचा आकडा कशाचा आहे, हे कुणी विचारले नाही.

तासाला शंभर किलो, याचा अर्थ असा. वरच्या डब्यात धान्य सतत भरलेले आहे. दगडाच्या तोंडी धान्याची धार एकसारखी पडते आहे. मोटर पूर्ण जोराने चालली आहे. कोणी थांबवत नाही. असे पुरे एक तास चालले, तर शंभर किलो धान्य दगडाखालून जाईल. ही झाली दगडाची आणि मोटरीची ताकद. ती ताकद किती वेळ कामाला लागणार, हे मात्र त्या आकड्यात नाही.

या ताकदीचीही थोडी ओळख करून घेऊ. हॉर्सपॉवर म्हणजे अश्वशक्ती. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या जेम्स वॅटने हे माप रूढ केले. त्याला आपली वाफेची इंजिने विकायची होती. एक इंजिन किती घोड्यांचे काम करते, हे गिऱ्हाइकाला समजावे, म्हणून त्याने घोड्याशी तुलना केली. विकणाऱ्याने काढलेले माप आहे, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. आज एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट धरतात. म्हणजे दहा अश्वशक्तीची मोटर सुमारे साडेसात किलोवॅटची. मोटरीवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर हे लिहिलेले असते. आता वाचता येते, तर ती पट्टी वाचा.

माणूस दिवसभर एकसारखे अंगमेहनतीचे काम करतो, तेव्हा त्याची शक्ती साधारण एका अश्वशक्तीचा दहावा भाग भरते. म्हणजे दहा अश्वशक्ती ही शंभर माणसांच्या बरोबरीची झाली. शंभर माणसे मिळून तासाला शंभर किलो दळतात असे धरले, तर एकाच्या वाट्याला एक किलो येतो. पहाटे उठून जात्यावर बसलेल्या आपल्या आजीची आठवण करा. खुंटा धरून, मूठमूठ घास घालत, ती घरापुरते पीठ काढायची. दिवस उगवेपर्यंत तिचा एवढा वेळ कशात जाई, ते या भागाकारातून कळते.

आता विक्रेत्याचा आकडा खरा की नाही, ते तपासू. हे काम अगदी सोपे आहे. विक्रेता सांगेल, अमक्या गावात आमची अशीच गिरणी चालू आहे. त्या गावी जावे. बरोबर आपले धान्य न्यावे. एक घड्याळ आणि वही न्यावी.

२० किलो गहू मोजून घ्या. काट्यावरच मोजा, पायलीने मोजू नका. पायली हे माप आहे, वजन नाही. पायलीभर नाचणीचे वजन वेगळे, पायलीभर गव्हाचे वेगळे. शीग जास्त भरली तरी फरक पडतो. किलोचे वजन आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने कायद्याने आले. तरी धान्याच्या गोष्टी निघाल्या, की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पायली आणि मण येतातच. बोलायला ते चालेल. हिशेबाला किलो घ्या.

गिरणी चालू झाली, धान्याची धार सुरू झाली, की घड्याळ बघा. वेळ लिहा. धार संपली आणि पीठ यायचे थांबले, की पुन्हा वेळ लिहा. समजा १२ मिनिटे लागली.

१२ मिनिटांत २० किलो. तासाची मिनिटे ६०. साठात बारा किती वेळा जातात? ५ वेळा. म्हणून २० गुणिले ५, म्हणजे १०० किलो. विक्रेत्याचा आकडा खरा निघाला.

तिथेच आणखी दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, विजेच्या मीटरचा आकडा. दळण्याआधीचा आणि नंतरचा. समजा १.६ युनिट वीज गेली. २० किलोला १.६, तर १०० किलोला ८ युनिट. दुसरी गोष्ट, पिठाचे वजन. २० किलो गहू घातला, पीठ १९ किलो ६०० ग्रॅम भरले. ४०० ग्रॅम कुठे गेले? थोडे हवेत उडाले. दळताना धान्य तापते, त्यातला थोडा ओलावा वाफ होऊन गेला. थोडे पीठ गिरणीच्या आत चिकटून राहिले. ही झाली घट. २० किलोला ४०० ग्रॅम, म्हणजे शंभराला दोन. घटीवरून दारात भांडणे होतात. आधी मोजून ठेवलेली बरी.

शहरातल्या मोठ्या कारखान्यांत दगड नसतात. तिथे लोखंडी रुळांमधून गहू जातो. त्यांची ताकद तासाच्या किलोत सांगत नाहीत, २४ तासांच्या टनात सांगतात. शंभर टनांचा कारखाना म्हणजे २४ तासांत शंभर टन गहू घेणारा. पीठ शंभर टन निघत नाही. त्यातून मैदा आणि रवा मिळून साधारण तीन चतुर्थांश निघतो, बाकी बहुतेक कोंडा. म्हणून कुणी आकडा सांगितला, की विचारावे, हा धान्याचा आकडा की पिठाचा? आपल्या दगडी गिरणीत कोंडा पिठातच राहतो. त्यामुळे फरक थोडाच पडतो.

एका धान्याचा आकडा सगळ्या धान्यांना लागू करू नका. गव्हाचा वेळ वेगळा, तांदळाचा वेगळा, हरभऱ्याच्या डाळीचा वेगळा. तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाच्या बाजूला, भात, नाचणी आणि वरी. पूर्वेला ज्वारी आणि गहू जास्त. म्हणून गव्हावर घेतलेली परीक्षा मोरगिरीच्या खोऱ्यातल्या वाडीला पुरेशी होत नाही. तिथे तांदूळ आणि नाचणीही दळून पाहावी. जाड-बारीकही बघावे. दगड एकमेकांजवळ आणले की पीठ बारीक येते, पण वेळ जास्त लागतो. लाडवाचे रवाळ पीठ लवकर होते. भाकरीचे मऊ पीठ सावकाश होते. गिरणीवरची बाई चिमटीत पीठ घेऊन बघते, "जरा बारीक काढ की रं," म्हणते. तिच्या त्या एका वाक्याने शंभराचे नव्वद होतात.

आणि पावसाळा! कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कणगीतले धान्यसुद्धा ओल धरते. ओले धान्य दगडाला चिकटते. धार बारीक करावी लागते. चैत्रात घेतलेली परीक्षा श्रावणात खरी ठरत नाही. जमले तर दोन्ही वेळा घ्यावी. नाहीतर उन्हाळ्याच्या आकड्यातून थोडे वजा करूनच पुढचा हिशेब धरावा. तारेवर झाड पडून वीज गेली, तर तो दिवस गेलाच. त्याचा हिशेब कुठल्याच चित्रांच्या पुस्तकात नसतो.

इथपर्यंत दगडाची गोष्ट झाली. आता दळणाची.

गिरणीवर कोणी क्विंटलभर धान्य आणत नाही. एक बाई पाच किलो आणते. दुसरी तीन किलो आणते. याला कारण आहे. बाजरीचे पीठ थोड्या दिवसांत कडू होते. ज्वारीचे पीठ शिळे झाले, की भाकरीला चिरा पडतात. पावसात पिठाला जाळी लागते. म्हणून शहाणी बाई थोडे थोडे दळून आणते.

५ किलोचे एक दळण घेऊ. शंभर किलोला ६० मिनिटे, तर ५ किलोला ३ मिनिटे. पण डबा काट्यावर ठेवायचा. वजन वहीत लिहायचे. धान्य वर ओतायचे. दळून झाले, की आतले पीठ खाली येईपर्यंत थांबायचे. डबा उचलायचा, दुसरा लावायचा. पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे. याला २ मिनिटे सहज जातात. म्हणजे एका दळणाला ३ आणि २ मिळून ५ मिनिटे लागली.

तासाला ६० मिनिटे. ६० भागिले ५, म्हणजे १२ दळणे. १२ दळणे गुणिले ५ किलो, म्हणजे ६० किलो.

पाहा! गिरणी तीच. दगड तोच. मोटर तीच. शंभराचे साठ झाले. चाळीस किलो काट्यावर आणि डब्यांच्या उचल-ठेवीत गेले. दळण १० किलोचे असते, तर ६ आणि २ मिळून ८ मिनिटे लागली असती, आणि तासाला ७५ किलो झाले असते. दळण जेवढे लहान, तेवढी गिरणी कमी दळते.

ही दोन मिनिटे वाचवावीत, असे कुणालाही वाटेल. वाचवता येतात. एकजण काट्यावर आणि एकजण दगडापाशी असला, तर पुढचे दळण आधीच मोजून तयार राहते. पण चालत्या गिरणीत हात घालून पीठ ओढू नका. पट्ट्याजवळून पदर नेऊ नका. पदर पट्ट्यात जायला दोन मिनिटे लागत नाहीत, एक क्षण पुरतो. पट्ट्याला जाळीचे झाकण असल्याशिवाय गिरणी घेऊच नये. पदर कमरेला खोचून मगच मोटरीचे बटण दाबावे.

आणखी एक खोळंबा असतो. गव्हावर तांदूळ आला, तर आत राहिलेले गव्हाचे पीठ तांदळात येते. डाळीवर गहू आला, तर पोळीला बेसनाचा वास येतो. म्हणून बायका विचारतात, "आधी कशाचं दळण हाय?" उपवासाचे दळण आले, तर गिरणी झाडून पुसून घ्यावी लागते. चांगला गिरणीवाला गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असे डबे लावतो. काही गिरण्यांवर उपवासाच्या दळणाचा दिवसच ठरलेला असतो. मिरचीला तर वेगळे यंत्रच लागते. डब्यांची ओळ नीट लावणे, ही गिरणीतली मोठी विद्या आहे, असे मला वाटते. तिला पैसा लागत नाही आणि तासाला पाच-दहा किलो वाढतात.

ताकद एक आणि प्रत्यक्ष काम दुसरे, ही गोष्ट फक्त गिरणीची नाही. आपल्या तालुक्यातच केवढे तरी मोठे उदाहरण आहे. कोयना धरणाच्या पाण्यावर १९६२ पासून वीज होऊ लागली. पुढे टप्पे वाढत गेले. आज सगळ्या वीजघरांची ताकद मिळून सुमारे १,९६० मेगावॅट आहे. पण सगळी यंत्रे बारा महिने, रात्रंदिवस, पूर्ण जोराने चालवता येत नाहीत. तेवढे पाणीच नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने वीज करण्यासाठी पश्चिमेला सोडायचे पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिले आहे. तेवढ्यात वर्ष काढायचे असते. म्हणून लोकांची विजेची मागणी वाढते, त्या वेळी यंत्रे जास्त चालवतात. धरणाला पाणी, तसे गिरणीला धान्य. दगड कितीही मोठा आणा, वाडीत धान्य असेल तेवढेच दळले जाणार.

मग वाडीत दळणाचे धान्य किती आहे? हे विक्रेत्याला माहीत नाही. गटातल्या बायकांना माहीत आहे, पण त्यांनी कधी बेरीज केली नाही. बेरीज करायला घरोघर जावे लागते. वही घेऊन जावे. प्रत्येक घरी विचारावे, महिन्याला दळण किती? कोण कुठे दळते? भातासाठी लागणारा तांदूळ यात धरू नये, तो दळत नाहीत. फक्त पिठाचे धान्य लिहावे.

समजा वाडीत १५० घरे आहेत. १८ घरांत घरघंटी आहे. त्या बायका गिरणीवर फारशा येणार नाहीत. १२ घरांना कुलूप आहे, माणसे मुंबईला. १५० वजा १८ वजा १२, राहिली १२० घरे. त्यांच्या आकड्यांची बेरीज केली आणि घरांनी भागले, तर घरटी महिन्याला २० किलो दळण निघाले. १२० गुणिले २०, म्हणजे २,४०० किलो. गिरणी महिन्यातून २४ दिवस चालवली, तर २,४०० भागिले २४, म्हणजे दिवसाला १०० किलो.

दिवसाला १०० किलो! विक्रेता ८०० म्हणाला होता. आठवा हिस्सा निघाला.

१०० किलो म्हणजे ५ किलोची २० दळणे. मोठ्या गिरणीत एका दळणाला ५ मिनिटे. २० गुणिले ५, म्हणजे १०० मिनिटे. एक तास चाळीस मिनिटांत दिवसाचे काम संपले. बाकीचा दिवस गिरणी भिंतीला पाठ लावून उभी.

गटातल्या एका बाईने मग विचारले, "दादा, यापरीस बारकी गिरणी न्हाय का?" होती. पाच हॉर्सपॉवरची. विक्रेत्याने ती आधी दाखवली नव्हती. तिची परीक्षा घेतली, तर २० किलो गव्हाला २४ मिनिटे लागली. म्हणजे तासाला ५० किलो. ५ किलोच्या दळणाला ६ मिनिटे, वर २ मिनिटे, मिळून ८. दिवसाची २० दळणे गुणिले ८, म्हणजे १६० मिनिटे. दोन तास चाळीस मिनिटे. तेही भरपूर झाले.

इथे एक शंका काढायला हवी. सगळे दिवस सारखे नसतात. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी, बेसन, तांदळाची पिठी, सगळे एकदम येते. लग्नसराई असते. समजा अशा दिवसांत तिप्पट दळण आले. ३०० किलो म्हणजे ६० दळणे. लहान गिरणीत ६० गुणिले ८, म्हणजे ४८० मिनिटे, बरोबर ८ तास. म्हणजे दिवाळीतही लहान गिरणी पुरते. जेमतेम पुरते, एखाद्या दिवशी रात्री दिवा लावून दळावे लागेल. पण चार-सहा दिवसांच्या गर्दीसाठी वर्षभराचा मोठा हप्ता अंगावर घेऊ नये. वेळेची गर्दी मात्र दररोज असते. बायका शेतावरून परततात, तेव्हा सगळ्याच येतात. सकाळी डबे ठेवून जायची आणि संध्याकाळी घेऊन जायची पद्धत घातली, तर ती गर्दी फुटते.

आता पैशाचा हिशेब. हे आकडे नुसते उदाहरणाचे आहेत. विजेचा दर, मजुरी आणि दळणावळ तुमच्या गावची आज जी असेल ती धरा.

महिन्याला २,४०० किलो, किलोला ५ रुपये. जमा १२,००० रुपये. विजेचे पाहू. १०० किलोला ८ युनिट, तर २,४०० किलोला १९२ युनिट. युनिटला १० रुपये धरले, तर १,९२० रुपये. दोन दळणांच्या मधे दगड रिकामा फिरतो, तेव्हाही मीटर फिरतोच, कमी फिरतो एवढेच. शिवाय बिलात स्थिर आकार असतो. तो गिरणी बंद असली तरी द्यावा लागतो. सगळे मिळून विजेचे ३,००० धरा. गिरणी चालवणाऱ्या बाईला ५,०००. बाई गटातलीच असली तरी तिची मजुरी धराच. पुष्कळ हिशेब इथेच फसतात. घरच्या माणसाचे काम फुकट धरतात आणि नफा झाला म्हणतात. दगडाची टाकी, पट्टा, ग्रीस, झाडणी यांना १,००० धरा. खर्च झाला ९,०००. शिल्लक राहिले ३,०००.

याच तीन हजारांतून हप्ता द्यायचा आहे. मोठ्या गिरणीचा हप्ता समजा ४,५०० रुपये. दर महिन्याला १,५०० कमी पडतात. वर्षाला १८,०००. ते बायकांनी आपल्या बचतीतून भरायचे. कुणाचे बियाण्याचे पैसे जातील, कुणाचे मुलीच्या शाळेचे. लहान गिरणीचा हप्ता समजा २,२००. वीज किलोमागे जवळजवळ तेवढीच लागते. हप्ता देऊन ८०० रुपये उरतात. ८०० काही मोठी रक्कम नाही. पण एका बाईला रोजगार मिळाला, डोक्यावरचा डबा खाली उतरला, आणि गट कुणाच्या देण्यात राहिला नाही.

मोठी गिरणी वाईट, असे नाही. गटाला नाचणीच्या पिठाची पाकिटे करून पाटणला, कऱ्हाडला विकायची असतील, तर हिशेब पालटतो. ५० किलोचे पोते एकदम ओतले, तर शंभर किलोच्या वेगाने ३० मिनिटे आणि वर २ मिनिटे, मिळून ३२ मिनिटे लागतात. तासाला ९३ किलोच्या वर दळले जाते. तिथे मोठ्या दगडाची ताकद वाया जात नाही. पण आधी पाकिटे घेणारे दुकानदार हवेत. दुकानदाराने "घेऊ की" म्हटले, एवढ्यावर गिरणी घेऊ नका. महिन्याला किती पाकिटे घेतो, ते लिहून घ्या. पाकिटांचा धंदा करायचा, तर अन्नपदार्थांचा परवानाही लागतो. त्याची चौकशी आधीच करावी.

गिरणी घेतल्यावरही घड्याळ आणि वही बाजूला टाकू नये. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी २० किलो गव्हाची परीक्षा पुन्हा घ्यावी. लहान गिरणीला पहिल्या महिन्यात २४ मिनिटे लागली. दुसऱ्या महिन्यात २५ लागली. चौथ्या महिन्यात ३० लागली. ३० मिनिटांत २० किलो, म्हणजे तासाला ४०. दहा किलोची ताकद कुठे गेली? दगडाचे तोंड गुळगुळीत झाले. त्याला टाकी लावायला पाहिजे. किंवा पट्टा सैल झाला असेल आणि पुलीवर घसरत असेल. गिऱ्हाईक पीठ गरम आल्याची तक्रार करते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वही ते आधी सांगते. टाकी लावल्यावर पहिले थोडे धान्य फुकट जाऊ द्यावे. त्यात दगडाची कच येते. ते कुणाच्या डब्यात घालू नये.

उदाहरणे सोडवा.

पहिले. एका गिरणीत १० किलो ज्वारीला ८ मिनिटे लागतात. दगड सतत चालला, तर तासाला किती ज्वारी दळेल? प्रत्येक दळण १० किलोचे आहे आणि दर दळणामागे २ मिनिटे उचल-ठेवीत जातात. तर तासाला प्रत्यक्ष किती दळेल?

दुसरे. तीन महिन्यांनी त्याच गिरणीत १० किलो ज्वारीला १० मिनिटे लागू लागली. उचल-ठेवीची २ मिनिटे तेवढीच आहेत. आता तासाला किती दळेल? रोज ४ तास गिरणी चालते. पहिल्यापेक्षा रोज किती किलो कमी दळले जाईल?

तिसरे. तुमच्या गावच्या गिरणीवर जा. मालकाला विचारून अर्धा तास बसा. तेवढ्यात किती दळणे झाली, प्रत्येक किती किलोचे होते, ते लिहा. त्यावरून गिरणी तासाला किती दळते, ते काढा. मग मालकाला विचारा, गिरणी घेतली तेव्हा विक्रेत्याने किती सांगितले होते.

उत्तरे. पहिले : ७५ किलो, ६० किलो. दुसरे : ५० किलो, ४० किलो कमी. तिसऱ्याचे उत्तर प्रत्येक गावाचे वेगळे येईल.